सर्किट बोर्डाची आखणी

पॅटर्न चुकला की प्रत्येक कास्टिंग चुकते, हे कोल्हापूरकरांस मी सांगावयास नको. सर्किट बोर्डाचेही तसेच. १९९२ साली फ्रान्समध्ये जाँ-पियर शारास यांनी सुरू केलेले किकॅड आज फुकट मिळते. तांब्याच्या दोन रेषा फार जवळ आल्या तर ते बजावते. पण कनेक्टरचे माप आपणच चुकीचे भरले, तर ते बिचारे काय करणार? २.५ आणि २.५४ मिलिमीटर यांत फरक तो कितीसा! सोळाव्या पायापाशी मात्र तो ०.६ होतो. माझे ५० बोर्ड असेच भंगारात गेले. तेव्हापासून आराखडा मूळ मापाने कागदावर छापतो, खरा कनेक्टर त्यावर ठेवून पाहतो, आणि मगच फाइल कारखान्याकडे धाडतो.