पडद्यावरचा डॉक्टर आणि गावातली ताई

(संस्थेच्या पालक मेळाव्यात एका सहाय्यक शिक्षकाने केलेले भाषण)



डॉक्टर हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर एक चित्र उभे राहते. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, ऑपरेशनच्या टेबलावरचा तो मोठा दिवा आणि बाहेर बाकावर हात जोडून बसलेले नातेवाईक. हे चित्र आपण कोठून घेतले? आपल्या तालुक्याच्या दवाखान्यातून खचित नाही. तेथे आपण केसपेपरच्या रांगेत उभे असतो, डॉक्टरसाहेब दोन मिनिटे भेटतात आणि इंजेक्शन देते ती सिस्टर. ते चित्र पडद्यावरून आलेले आहे. कथापटांचे मी बोलत नाही. ती रचलेली गोष्ट असते हे लहान मुलालाही कळते. मी बोलणार आहे अनुबोधपटांविषयी, ज्यांना आता सर्रास डॉक्युमेंटरी म्हणतात. तेथली माणसे खरी, दवाखाना खरा, दुखणेही खरे. म्हणून आपण समजतो की जे दिसले तेवढेच सत्य. कोणते दाखवायचे आणि कोणते कापायचे हे कोणीतरी आधीच ठरवलेले असते, याचा आपल्याला विसर पडतो.

आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. १९४८ साली केंद्र सरकारने फिल्म्स डिव्हिजन स्थापन केले आणि पुढे कित्येक वर्षे चित्रगृहात मुख्य खेळापूर्वी सरकारी अनुबोधपट दाखवावाच लागे. देवी, हिवताप, कुष्ठरोग, कुटुंबनियोजन असे त्यांचे विषय असत. पुष्कळ मंडळी तेवढ्या वेळात बाहेर जाऊन चहा पिऊन येत, हा भाग वेगळा! त्या पटांत बहुधा एक भारदस्त आवाज बोलत असे. डॉक्टर समजावून सांगत. रोगी मात्र मुकाट मान हलवी. शहाणपण एका बाजूला आणि अज्ञान दुसऱ्या बाजूला, अशी ती वाटणी होती. आजही आपला माणूस डॉक्टरांपुढे बसला की तोंडातून शब्द काढत नाही आणि बाहेर आल्यावर कंपाउंडरला विचारतो, “साहेब काय म्हणाले?” याची अनेक कारणे असतील. ती वाटणी त्यांपैकी एक आहे, असे मला वाटते.

आता अलीकडचे उदाहरण घेऊ. ‘स्माइल पिंकी’ हा मेगन मायलन यांचा अनुबोधपट २००८ साली तयार झाला आणि २००९ च्या फेब्रुवारीत त्याला ऑस्कर मिळाले. मिर्झापूर जिल्ह्यातील एका खेड्यातली दुभंगलेल्या ओठाची गरीब मुलगी आणि वाराणसीच्या इस्पितळात तिच्यावर मोफत शस्त्रक्रिया करणारे डॉ. सुबोधकुमार सिंह यांची ही हकीकत आहे. काम थोर आहे, चित्रपटही प्रामाणिक आहे. गावोगाव हिंडून अशी मुले शोधणारा समाजसेवक त्यात आवर्जून दाखवलेला आहे. परंतु पाहणाऱ्याच्या मनात उरतात ते दोनच चेहरे, आधीचा आणि नंतरचा. ज्या मुलांची टाळूही दुभंगलेली असते त्यांना आणखी शस्त्रक्रिया लागतात, दातांचे उपचार लागतात, स्पष्ट बोलता यावे म्हणून सराव करून घ्यावा लागतो. त्यात वर्षे जातात. ती वर्षे अर्ध्यापाऊण तासात मावत नाहीत. मग आपल्या घरच्या दुखण्यातही आपण तोच आधीचा आणि नंतरचा चेहरा शोधू लागतो. क्षयाच्या गोळ्या सहा महिने घ्यायच्या असतात. दोन महिन्यांत खोकला थांबला की डबी कपाटात जाते. आणि एखादा रोगी दगावला की डॉक्टरांवर हात उगारला जातो. हे प्रकार इतके वाढले की महाराष्ट्राला २०१० साली त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्याला आपण चमत्कार करणारा मानले, त्याने चमत्कार केला नाही, याचा तो राग असतो.

‘स्माइल पिंकी’बरोबर त्याच वर्षी ऑस्करच्या स्पर्धेत ‘द फायनल इंच’ हा दुसरा अनुबोधपट होता. तो उत्तर प्रदेशातील पोलिओ मोहिमेवर आहे आणि आपण तो मुद्दाम पाहावा. डोस घेतल्याने मुले पुढे वांझ होतात अशी अफवा तेथील काही मोहल्ल्यांत पसरली होती. दार लावून घेणारी मुस्लिम कुटुंबे त्यात दिसतात. ते खोटे नाही. पण हेही खरे की दार उघडवले ते त्याच मोहल्ल्यांतून घरोघर फिरणाऱ्या बायकांनी, मशिदींतून आवाहन करणाऱ्या इमामांनी आणि अलीगढ, जामिया मिलिया, जामिया हमदर्द या विद्यापीठांतल्या मंडळींनी. भारतातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा आहे. बंद दाराचे चित्र मात्र लोकांच्या डोक्यात राहिले, उघडलेल्या दाराचे राहिले नाही.

असेच चित्र २०२० साली आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला आले. तो अनुबोधपट नव्हता, वृत्तवाहिन्यांचा पडदा होता. त्या पडद्यावर रोगी हा रोगी राहिला नाही, गुन्हेगार झाला. आपल्याच जिल्ह्यात परदेशी तबलिगींवर नोंदवलेले गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी रद्द केले. त्यांना बळीचे बकरे म्हणून निवडले गेले असण्याची शक्यता आहे असे न्यायालयाने म्हटले आणि माध्यमांतील प्रचारावरही टीका केली. निकाल किती वाहिन्यांनी तितक्याच जोराने दाखवला, हे आपण जाणताच. त्या दिवसांत ताप आला तरी सांगायला घाबरणारी घरे मी पाहिली आहेत. पडद्याचा परिणाम म्हणतात तो हा.

उलटही घडते. २७ मे २०१२ रोजी आमिर खान यांच्या ‘सत्यमेव जयते’त वैद्यकीय व्यवसायातल्या गैरप्रकारांवर भाग झाला. डॉक्टरांच्या संघटनेने माफी मागा म्हटले, त्यांनी मागितली नाही. त्या भागामुळे जेनेरिक औषध हा शब्द घराघरांत गेला, हा लाभ मोठा. पण काहींनी त्यातून एवढेच घेतले की सगळेच डॉक्टर लुटारू. कालचा देव आज चोर! मधला माणूस आपल्याला दिसतच नाही.

तो माणूस पाहायचा तर फार लांब जायला नको. जामखेडला जावे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबेल आरोळे हे वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेले दांपत्य १९७० साली त्या दुष्काळी तालुक्यात आले. इस्पितळ काढले. आधी खेड्यांत शिकलेल्या नर्सबाई नेमून पाहिल्या, पण परक्या बाईचे ऐकते कोण? मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची आणि तिने दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकायचे, अशी रीत पडली. यातल्या कित्येकींनी शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. कित्येक दलित होत्या, ज्यांना गावात पाणवठ्यावरही उभे करत नसत. त्यांनी बाळंतपणे केली, वजने घेतली, जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचे पाणी पाजायला शिकवले. १९७१ च्या सुमारास त्या भागात जन्मलेल्या हजार मुलांपैकी १७६ मुले वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकात तो आकडा तीसच्या खाली आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या बायकांपैकी मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनला आरोग्य परिषदेत बोलायला गेल्या होत्या. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी सांगितले की मोठे डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत, सुंदर पण महाग आणि हाताला न लागणारे. मग पिशवीतून दोन दिवे काढले, एकाने दुसरा पेटवला आणि म्हणाल्या की आम्ही अशा आहोत. मोठमोठे तज्ज्ञ ऐकत होते.

आता मला सांगा, हे काम पडद्यावर कसे उतरवणार? सासूला सहा महिने समजावत राहिलेली सून, उकळून गार केलेले पाणी, न झालेला धनुर्वात. न झालेल्या दुखण्याचे छायाचित्र निघत नाही. सलाईनची बाटली टांगलेली दिसते, म्हणून ‘सलाईन लावा’ असा आपला हट्ट असतो. मीठ-साखरेच्या पाण्यात कोणाला काही भव्य वाटत नाही.

मागच्या वर्षी आम्ही नववीच्या वर्गाला एका रुग्णालयावरचा अनुबोधपट दाखवला आणि त्यातल्या, रोग्याला बरे करणाऱ्या सगळ्या माणसांची यादी लिहायला सांगितली. बहुतेकांच्या वहीत एकच शब्द होता. दुसऱ्यांदा दाखवला तेव्हा याद्या लांबल्या: नर्स, रक्त तपासणारा, भूल देणारा, सफाईवाली मावशी. एका मुलीने लिहिले, ‘रात्रभर पंख्याने वारा घालणारी अम्मी’. मुलांनी प्रश्नही विचारले. त्या आजोबांना कॅमेरा चालेल का, असे कोणी विचारले होते? ऑपरेशन फसले असते तर हा पट दाखवला असता का? हे प्रश्न मला शिकवावे लागले नाहीत.

पालकांना एक विनंती. बारावीनंतर नीटच्या परीक्षेत गुण कमी पडले की घरात सुतक पाळू नका. नर्सिंग, औषधनिर्माणशास्त्र, प्रयोगशाळा तंत्रज्ञ ही कामे त्याच इमारतीतली आहेत. ‘नर्स कशाला होतेस, लोक काय म्हणतील’ हे वाक्य माझ्या कानावर दर जूनमध्ये येते, आणि ते म्हणणाऱ्याच्या घरात कोणी आजारी पडले की ते सिस्टरलाच शोधत असतात. आणखी एक. दवाखान्यात जाताना मुलांना बरोबर न्या. गोळी कशाची, किती दिवस, स्वस्तातली मिळेल का, हे त्यांच्यादेखत विचारा.

पुढच्या महिन्यातल्या पालकसभेत आपण ‘द फायनल इंच’ दाखवणार आहोत. खेळ संपल्यावर आपल्या वस्तीतल्या आशाताई अर्धा तास बोलतील. त्यांना माइकची सवय नाही, तेव्हा पुढच्या रांगांत बसावे. लसीकरणाचा वार सोडून तारीख धरली आहे, ती सूचना फलकावर लागेल.