उधन्याची खोली आणि जगाची कथा

जगातील आजची कथा म्हटली की वाचकाची दृष्टी लंडन-न्यूयॉर्ककडे वळते. वस्तुतः तिचा एक धागा सुरतेतील गोडादऱ्याच्या शेजारीच, उधन्यास सापडतो.

गोडादऱ्यात मराठी भाषकांची मोठी वस्ती आहे. नंदुरबार, धुळे, जळगाव या भागांतून माणसे पोटासाठी सुरतेस येतात. काम मिळाले तरी एक प्रश्न उरतोच : राहावयास खोली कोण देईल?

त्याच प्रश्नावर बाबूराव बागूल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा उभी आहे. स्वतः बागूल यांनी सुरतेस रेल्वेत नोकरी केली होती. कथेचा तरुण नायक रेल्वेच्या नोकरीसाठी उधन्यास येतो. खोलीपूर्वी त्याची जात विचारली जाते. ती तो सांगत नाही. त्याच्या विद्येचा आदर होतो. पुढे जात उघडकीस येताच तीच माणसे त्याला मारतात. माणूस तोच, विद्या तीच. बदलते ती केवळ इतरांची नजर. कथेचे सारे सामर्थ्य या एका गोष्टीत आहे.

हा संग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. २०१८ साली जेरी पिंटो यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि उधन्याची ती खोली मराठी न जाणणाऱ्या वाचकांपर्यंत पोहोचली.

इतरत्रही हेच दिसते. कॅनडातील लहान गावांच्या कथा लिहिणाऱ्या अ‍ॅलिस मन्रो यांना २०१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. २०२५ साली कर्नाटकातील बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’ला आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक लाभले, तो मान मिळवणारा हा पहिलाच कथासंग्रह. पारितोषिकाची रक्कम लेखिका आणि अनुवादिका दीपा भास्ती यांच्यात समान वाटली गेली. अनुवादकाच्या श्रमाचे मोल याहून स्पष्ट कोणते?

तात्पर्य, कथा जगापर्यंत जाते ती आपली गल्ली सोडून नव्हे, तर तिच्याविषयी खरे बोलून. आणि तिला नेणारा दुभाषी मिळाला म्हणून. घरी मराठी व रस्त्यावर गुजराती बोलणारी मुले गोडादऱ्यात आहेत. उद्याचा अनुवादक त्यांच्यातूनच निघू शकेल. मात्र त्याच्या हाती आज मराठी कथेचे पुस्तक पडावयास हवे.