संगणकांची मोजदाद : वस्तीचा पहारेकरी की फिरता प्रगणक?

ज्या कचेरीस आपल्यापाशी कोणती यंत्रे आहेत हेच ठाऊक नाही, तिला त्यांचे रक्षण करता येत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफोरजे' या सॉफ्टवेअर-घटकातील गंभीर दोष उघडकीस आला, तेव्हा तो घटक आपल्या कोणकोणत्या यंत्रांत दडला आहे, हे शोधण्यातच अनेक संस्थांची दमछाक झाली.

ही मोजदाद दोन रीतींनी होते. पहिलीत प्रत्येक संगणकात 'एजंट' नावाचा लहानसा प्रोग्रॅम कायम वस्तीस असतो. तो आतील बारीकसारीक माहिती कळवितो. यंत्र बाहेरगावी गेले तरी इंटरनेटवरून वर्दी देतो. दुसरीत मध्यवर्ती यंत्र शिरगणतीच्या प्रगणकाप्रमाणे नेटवर्कवर दारोदार विचारपूस करीत फिरते. ज्यांत एजंट बसविता येत नाही अशा प्रिंटर, स्विच आदी उपकरणांचीही नोंद त्यामुळे होते. मात्र फेरीच्या वेळी नेटवर्कबाहेर असलेले यंत्र वहीत येत नाही. २०२० च्या टाळेबंदीत संगणक कर्मचाऱ्यांच्या घरी गेले, तेव्हा ही उणीव जाणवली.

तथापि वस्तीचा पहारेकरीही निर्धोक नव्हे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा-एजंटला धाडलेल्या एका सदोष सुधारणेने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. उलट, फिरत्या प्रगणकाच्या हाती अनेक दारांच्या किल्ल्या असतात. त्या चोरीस गेल्यास अनर्थ ओढवतो.

म्हणून प्रवासी यंत्रांत एजंट, स्थिर उपकरणांसाठी फेरी आणि दोन्ही वह्यांचा नियमित ताळमेळ, हाच सुज्ञ मार्ग होय. वह्यांत जेथे तफावत पडते, तेथेच बहुधा विसरलेले यंत्र सापडते.