डाग कशाचा, फरशी कशाची?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी औंढा नागनाथ तालुक्यातल्या सिद्धेश्वरचा. आमच्याकडे पूर्णा नदीवर धरण आहे आणि त्याच्या कालव्याचं पाणी खाली वसमतच्या शिवारापर्यंत जातं. या भागाचं आजचं मोठं नगदी पीक म्हणजे हळद. ‘वसमत हळदी’ला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. मी स्वतः हळद पिकवत नाही. दुकानं, बँका, दवाखाने, व्यापारी संकुलं यांच्या साफसफाईची कामं मी घेतो. त्यामुळे हळदीशी माझी गाठ पडते ती फरशीवर!

घरात काही सांडलं, तर ज्याच्या हातून सांडलं तोच बहुधा पुसतो. निदान काय सांडलं, हे तरी सगळ्यांना ठाऊक असतं. व्यापारी इमारतीत तसं होत नाही. सांडणारा निघून जातो आणि तासाभराने सफाईच्या मावशी येतात. त्यांच्यासमोर नुसता डाग असतो. तो कशाचा, हे सांगायला कुणी थांबलेलं नसतं. मग जे हाताशी असेल ते ओतलं जातं. माझ्या अनुभवात डाग बिघडतो तो इथेच.

हळदीचंच पाहा. हळकुंडाची पूड सांडली की पहिला विचार येतो पाण्याचा. पण हळदीतला पिवळा रंग, म्हणजे कुरकुमीन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ओलं फडकं फिरवलं की मूठभर पूड हातभर पसरते. त्यावर साबण किंवा सोडा टाकला तर डाग लालसर होतो आणि पुसणारा घाबरतो. आपल्या आयाबायांना यात नवल वाटायला नको. हळदीला चुन्याची जोड दिली की कुंकवाचा लाल रंग येतो, हे घराघरांत माहीत होतं. साबण, सोडा, चुना हे सगळे अल्कधर्मी, म्हणून रंग पालटतो.

तेव्हा पूड कोरडीच उचलावी. मऊ झाडूने हलकेच सुपलीत घ्यावी, पंखा आधी बंद करावा. राहिलेला पिवळेपणा स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्याने टिपावा, कारण हा रंग स्पिरिटमध्ये विरघळतो. मात्र खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळपास उदबत्ती, शेगडी काहीही पेटतं नको. पायपुसणी, सतरंजी यांवरचा डाग धुऊन उन्हात टाकावा. कुरकुमीन उन्हाने विटतं. मराठवाड्यात उन्हाला तोटा नाही, आणि ते फुकट आहे.

तेलाची गोष्ट निराळी. किराणा दुकानात तेलाचा डबा लवंडला, तर आधी त्या जागी माणूस उभा करावा, म्हणजे गिऱ्हाईक घसरणार नाही. मग लाकडाचा भुसा किंवा कोरडी राख कडेकडेने टाकत मध्यापर्यंत यावं. मधूनच सुरुवात केली तर तेल बाहेर पळतं. भुशाने तेल शोषलं की तो गोळा करावा आणि नंतर गरम पाणी व साबण वापरावा. फरशी कोरडी होईपर्यंत ‘फरशी ओली आहे’ ही पाटी हलवू नये. डागाने कुणाचं हाड मोडत नाही, पण ओल्या फरशीने मोडतं.

डाग कशाचा हे कळलं, की दुसरा प्रश्न : फरशी कशाची? शहाबादी, कोटा आणि संगमरवर या तिन्ही दगडांत चुन्याचा अंश भरपूर. त्यांवर ॲसिड पडलं की फेस येतो. लोकांना वाटतं, डाग निघतोय. प्रत्यक्षात दगड विरघळत असतो. चकाकी जाते, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि पुढचा डाग आणखी खोल बसतो. अगदी लिंबाच्या रसानेही संगमरवरावर ठसा उमटतो. आजच्या चकचकीत टाइल्स ॲसिडला दाद देत नाहीत, पण त्यांच्या सांध्यांमधलं सिमेंट झिजतं. मग पाणी आत मुरतं.

एका व्यापारी संकुलात मला बोलावलं ते असंच झाल्यावर. जिन्यातले पानाचे डाग काढायला आधीच्या माणसाने एका बाईंच्या हाती ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर, दोन्ही दिलं होतं. हातमोजे नव्हते, जिना बंदिस्त. या दोन्हींच्या मिश्रणातून क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला होता तोच हा वायू. बाई खोकत खोकत बाहेर पडल्या म्हणून वाचल्या. डाग मात्र तिथेच होता.

ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निर्बंध घातले. ते ॲसिडहल्ल्यांच्या संदर्भात होते. पण ॲसिडचा अंश शौचालय साफ करण्याच्या अनेक द्रवांमध्येही असतो. म्हणून एक नियम प्रत्येक मालकाने भिंतीवर लिहून ठेवावा : दोन बाटल्यांतलं औषध एकत्र करायचं नाही. आणि औषध साध्या पाण्याच्या बाटलीत भरून ठेवायचं नाही.

राहता राहिला पानाचा डाग. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी जिन्यांचे कोपरे लालच दिसतात. काताचा रंग चुन्याच्या भिंतीत मुरतो, तो पुरता निघत नाही. कोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावल्या की लोक पुढच्या कोपऱ्यात थुंकतात. त्यापेक्षा कमरेइतक्या उंचीपर्यंत साध्या टाइल्स लावाव्यात आणि उजेड भरपूर ठेवावा. वाळलेली थुंकी कोरडी खरवडू नये. आधी जंतुनाशकाने ओली करावी, कारण तिची धूळ श्वासातून आत जाते.

दुकानदार मित्रांना माझी विनंती एवढीच. काही सांडलं तर लाजू नका, लपवू नका. मावशींना हाक मारून सांगा, “मावशी, इथं हळद सांडली” किंवा “तेल सांडलं.” या एका वाक्याने त्यांचं निम्मं काम होतं. त्यांना रबरी हातमोजे घेऊन द्या, औषधांच्या बाटल्यांवर मराठीत नावं लिहा आणि काम उरकण्याची घाई करू नका. फरशी पुन्हा घालता येते. त्यांचे हात आणि त्यांची छाती बदलून मिळत नाही.