बोंडअळी आणि ‘जात’

(नांदेड येथे विद्यार्थी व शेतकरी बांधवांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उत्क्रांतीवर बोलावयाचे म्हणजे दूरदेशीच्या बेटांचे व तेथील पक्ष्यांचे दाखले द्यावयाचे, असा प्रघात आहे. परंतु आपणांपैकी पुष्कळांच्या शेतात कापूस पिकतो. सबब मी बोंडअळीपासूनच आरंभ करतो.

२००२ साली या देशात बीटी कापसास परवानगी मिळाली. जमिनीत आढळणाऱ्या एका जिवाणूचे जनुक या कापसात घातलेले असते. त्यामुळे पानाबोंडांत एक प्रथिन तयार होते. ते अळीच्या आतड्यास चिकटते, आतडे निकामी होते व अळी मरते. २००६ साली अशी दोन प्रथिने असलेले वाण आले. शेंदरी, म्हणजेच गुलाबी, बोंडअळीचा प्रश्न कायमचा मिटला असे अनेकांस वाटले. पण गुजरातेत पहिल्या वाणावर ही अळी जगू लागल्याचे २०१० साली जाहीर झाले, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तिने दुसऱ्या वाणाचीही बोंडे पोखरली.

अळी विषाला सरावली, असे आपण सहज म्हणतो. हे म्हणणे सोपे आहे, पण चुकीचे आहे. आणि त्यातील चूक उमगली म्हणजे उत्क्रांतीचे निम्मे मर्म उमगले. कोणतीही अळी काही शिकली नाही, की सरावली नाही. पिढी दर पिढी जनुकांची नक्कल होताना चुका होतात. अशाच चुकांमुळे असंख्य अळ्यांपैकी थोड्यांच्या आतड्यातील एक प्रथिन किंचित निराळे निघाले. विष त्यास नीट चिकटेना. ही चूक बीटीवर तोड काढण्यासाठी झालेली नव्हती. बीटी कापूस नसता तर त्या निराळेपणास काडीचीही किंमत नव्हती. हा झाला यदृच्छेचा भाग. पुढे जे घडले त्यास मात्र यदृच्छा म्हणता येत नाही. बाकीच्या मेल्या, ह्या उरल्या, आणि ह्यांचीच पिलावळ वाढली. फरदड मार्चपर्यंत शेतात उभी राहिली, तेव्हा अळीस खावयास आणखी बोंडे व वाढावयास आणखी पिढ्या मिळाल्या.

बीटीच्या शेताभोवती साध्या कापसाच्या ओळी लावाव्यात असा नियम होता. तो कशासाठी? त्या ओळींत विषाने मरणाऱ्या जातकुळीचे पतंग जिवंत राहावेत, निराळ्या पतंगांशी त्यांचा संकर व्हावा, आणि होणारी संतती पुन्हा विषाने मरणारी निपजावी, यासाठी. ज्यास हे कोणी समजावून दिले नाही, त्या शेतकऱ्यास त्या ओळी म्हणजे फुकट गेलेली जमीन वाटली, तर त्याचा काय दोष?

म्हणूनच २०२३ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञान-पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व इतर सुजाण लोकांनी जी हरकत घेतली ती सर्वथा योग्य होती. पुढे जीवशास्त्र घेणाऱ्यास हा विषय बारावीत भेटतो. दहावीनंतर नांगर धरणाऱ्या मुलास तो कोठे भेटणार?

आता दुसरी गोष्ट. आपण कापसाचीही ‘जात’ म्हणतो, गुराचीही म्हणतो आणि माणसाचीही म्हणतो. एका शब्दाने किती घोटाळा करावा! देवणी जनावर पाहा. त्यात वानेरा, बालंक्या, शेवरा असे रंगावरून भेद आहेत, आणि शेजारच्या लाल कंधारीपासून ते कोणासही डोळ्यांनी वेगळे ओळखता येते. हे भेद वळू निवडून माणसाने राखले. डार्विननेही आपल्या १८५९ च्या ग्रंथाचा आरंभ पाळीव जनावरांपासून केला, आणि त्यांत कबुतरांवर विशेष भर दिला.

माणसाचे तसे आहे काय? सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात भगवान बुद्धांनी गवत, वृक्ष, कीटक, चतुष्पाद, सर्प, मासे व पक्षी यांची ओळीने नावे घेऊन त्यांच्यात जातिभेदाची चिन्हे दाखविली, आणि माणसामाणसांत मात्र तशी चिन्हे नाहीत, असे सांगितले. त्यांनी डार्विनचा सिद्धांत आधीच सांगितला होता असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे दोघांवरही अन्याय करणारे होईल. त्यांनी डोळे उघडे ठेवून सृष्टी पाहिली, एवढे पुरेसे आहे.

१९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातीचे मूळ लक्षण म्हणून आपापल्यातच विवाह करण्याच्या बंधनावर बोट ठेवले. पुढे १९३६ साली जातीस वंशभेद मानणारी मते त्यांनी खोडून काढली. त्यानंतर पाऊणशे वर्षांनी, २०१३ साली, हैदराबादच्या व अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी भारतातील अनेक समाजांची जनुके तपासली. सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातील लोकांचा आपसांत सर्रास संकर होत होता. नंतर तो आटला, असे त्यांना आढळले. आज समाजासमाजांत जनुकांचे जे थोडे भेद दिसतात, त्यांतील पुष्कळसे या आटण्यानंतर साचले आहेत. म्हणजे भेद होते म्हणून कुंपण घातले गेले नाही. कुंपण घातले गेले, आणि ते केव्हा, हेही आता अंदाजाने मोजता येते.