दहा किलोंची पृथ्वीप्रदक्षिणा



जगाचा फेरा करून आलेल्या माणसाला व्याख्यानमालेचे आमंत्रण देताना चालकांच्या मनात काही अपेक्षा असतात. त्याने नायगाऱ्याच्या धबधब्याचे वर्णन करावे, जपानी माणसाच्या शिस्तीची तारीफ करावी आणि शेवटी 'पण आपला देश तो आपला देश' असे म्हणून मंडळींना वेळेवर घरी जाऊ द्यावे. यांपैकी काहीही आमच्या हातून आज होणार नाही. नायगारा आम्ही पाहिलाच नाही. आम्ही बोलणार आहोत ते फक्त सामानाविषयी. 'आम्ही' म्हणजे आम्ही उभयता. बोलणारे तोंड एक असले तरी बॅगा दोन होत्या, आणि ज्या गोष्टीची कबुली द्यावयाची आहे ती दोघांनी मिळून केलेली आहे. म्हणून हे अनेकवचन.

गेल्या डिसेंबरात आम्ही अकोल्याहून निघालो. आम्हा अकोलेकरांची धावपट्टी शिवणीला आहे, पण विमान गाठावयाला आम्हाला आपल्या बेलोऱ्यालाच यावे लागले. (अमरावतीकरांनी एवढ्यावर टाळ्या वाजवू नयेत. बेलोऱ्याची मुंबई सेवा सुरू झाली ती १६ एप्रिल २०२५ रोजी. तोवर तुम्हीही आमच्यासारखेच बडनेऱ्याच्या फलाटावर उभे होता.) रस्ता मात्र दृष्ट लागण्याजोगा. २०२२ च्या जूनमध्ये याच अमरावती-अकोला मार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरी थर टाकून विक्रम झाला होता, हे आपणांस आठवत असेलच.

तिकीट होते जगप्रदक्षिणेचे. असे एक तिकीट मिळते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. विमान कंपन्यांचे जे मोठे संघ आहेत ते हे तिकीट देतात. अटी थोड्या: पूर्वेला निघालात तर पूर्वेलाच जात राहावयाचे, पॅसिफिक आणि अटलांटिक हे दोन्ही महासागर ओलांडावयाचे, आणि वर्षाच्या आत निघालो त्याच देशात परतावयाचे. मुंबई, सिंगापूर, टोकियो, सॅन फ्रान्सिस्को, नेवार्क, लंडन आणि पुन्हा मुंबई, असा आमचा फेरा, एकतीस दिवसांचा. टोकियोहून संध्याकाळी निघालो आणि त्याच तारखेच्या सकाळी अमेरिकेत उतरलो. आयुष्यात एकदा तरी गेलेला दिवस परत मिळाला, एवढे समाधान.

तिकीट बिझनेस वर्गाचे होते. आता आपण एकमेकांकडे पाहू लागलात. निवृत्त माणसाला हे परवडते कसे? सांगतो. वडिलोपार्जित शेताचा तुकडा विकला, त्यातला वाटा हाती आला. आणि एकाच्या पायातील शिरांत पूर्वी एकदा रक्ताची गुठळी झालेली असल्यामुळे बारा-चौदा तास पाय दुमडून बसणे डॉक्टरांनी वर्ज्य केलेले. आसनाचा पलंग होतो अशा वर्गाने जा, नाही तर घरी बसा, असा त्यांचा हुकूम. हे कारण खरे आहे. पण आम्ही ते ज्या उत्साहाने सर्वांना सांगत होतो, त्यावरून आपण काय ते ओळखावे.

आणि सामान काय? प्रत्येकी एक चाकांची छोटी बॅग. लांबी ५५ सेंटिमीटर, रुंदी ४०, जाडी २०. वजन दहा किलो. शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर आम्ही ती तीनदा तोलली. विमानाच्या पोटात टाकावयाचे सामान एक नगही नाही.

असे का केले, याचे आमच्याजवळ उत्तम तात्त्विक उत्तर होते. मागे एका प्रवासात आमची पेटी भलत्याच गावी गेली होती आणि चार दिवसांनी फुटलेल्या कुलपासह परत आली होती. सहा विमाने बदलावयाची म्हणजे सहा वेळा तो धोका. शिवाय अपरिग्रह, साधी राहणी, वगैरे वगैरे. गावात आमचे कौतुक होऊ लागले, आणि कौतुक झाले की माणूस इतिहास वाचू लागतो. आम्हीही वाचला.

या पंथाची आद्य आचार्या म्हणजे नेली ब्लाय ही अमेरिकन बातमीदार. १४ नोव्हेंबर १८८९ रोजी ती न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरून आगबोटीने निघाली आणि ७२ दिवसांत पृथ्वीला वळसा घालून २५ जानेवारी १८९० ला परत आली. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतील नायकाला ऐंशी दिवस लागले होते. हिने ते मोडून दाखविले. तिच्याजवळ एकच हातबॅग होती, सोळा इंच रुंद आणि सात इंच उंच. तीत टोप्या, सपाता, दौत, लेखण्या, सुई-दोरा आणि कोल्ड क्रीमची एक बरणी. त्या बरणीने तिला भारी छळले; बॅग मिटेना म्हणून ती जेरीस येई. आज ती विमानतळावर आली असती तर तो प्रश्न सुरक्षा अधिकाऱ्यानेच सोडविला असता. २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनला विमाने द्रवरूप स्फोटकांनी उडविण्याचा कट उघडकीस आला, आणि तेव्हापासून शंभर मिलीलिटरांहून मोठी बाटली हातातून नेण्यावर बंधन आले. तेल सुटलेले लोणचेही या शास्त्रात द्रवच.

नेली ब्लायची बॅग सर्वांना आठवते. तिच्या गळ्यातील पिशवी कोणाला आठवत नाही. तिने बरोबर २०० पौंडांचे इंग्रजी सोने आणि नोटा घेतल्या होत्या; त्यांतल्या नोटा त्या कातडी पिशवीत होत्या. आणि अमेरिकेत परत पाऊल टाकल्यावर बर्फाने वाट अडली, तेव्हा तिच्या वृत्तपत्राने तिच्यासाठी खास आगगाडी सोडली. बॅग लहान ठेवता येते ती अशी.

याच्या उलट आपल्या मुंबईचे तरुण पाहा. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण सायकलींवर बसून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. सहापैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये फेरा पुरा करून मुंबईत परतले. सुमारे ७१,००० किलोमीटर! त्यांचेही सामान सायकलीवर बांधता येईल एवढेच. पण ते कमी होते, कारण ते त्यांच्याच मांड्यांनी ओढावयाचे होते.

आमच्या बॅगेत काय होते ते सांगितले पाहिजे. दोन जोड कपडे अंगावरचे धरून तीन, औषधे, चष्मा, एक शाल. कपडे सारे कृत्रिम धाग्याचे. रात्री हॉटेलच्या न्हाणीघरात पिळून टाकावेत, सकाळी वाळलेले. सुती सदरा असा वाळत नाही, थंड मुलखात तर नाहीच. सांगताना संकोच वाटतो. ज्या वऱ्हाडातून अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते ६५ मध्ये, लँकेशायरच्या गिरण्यांसाठी कापूस गेला, ज्याच्या गाठी बंदराकडे नेण्यासाठी खामगावला रूळ टाकले आणि १८७० मध्ये ते सुरू करावयाला खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो आला, त्या वऱ्हाडची दोन माणसे जगात निघाली ती अंगावर कापसाचा धागा न घेता! आमच्या आधी आमचा कापूस परदेशी गेला, तो ३९२ रत्तलांच्या गाठी बांधून. आम्ही गेलो तेव्हा त्याला वजनात बसवता आले नाही. असो.

आता बिझनेस वर्गातील मौज ऐका. त्या वर्गाच्या माणसाला विमानाच्या पोटात सामान किती नेता येते? आमच्या तिकिटावर प्रत्येकी दोन नग, एकेक ३२ किलोपर्यंत. दोघांचे मिळून १२८ किलो. आणि शिकावयाला निघालेला पोरगा, आखातात नोकरीला जाणारा गवंडी, ज्यांना ताट-वाटीपासून पांघरुणापर्यंत सारे इथूनच न्यावयाचे असते, ते काट्यावर दोन किलो जास्त भरले म्हणून विमानतळाच्या फरशीवर पेटी उघडून बसलेले आम्ही पाहिले. एक मुलगा तीन सदरे एकावर एक चढवीत होता. ज्याला गरज नाही त्याला वजनाची मुभा, आणि ज्याला गरज आहे त्याच्या पुढ्यात काटा! आम्ही त्याच्या बाजूने डुलत डुलत निघून गेलो. आमचे हात रिकामे होते. का नसावेत? विमानात रात्रीचा पायजमा मिळतो, दात घासण्याचा ब्रश मिळतो, मोजे मिळतात. उतरल्यावर जे हवे ते बाजारात आहे आणि खिशात कार्ड आहे.

मुंबईला विमान सुटावयाला पाच तास होते. ते आम्ही या वर्गासाठी राखलेल्या दालनात काढले. मऊ खुर्च्या, गरम जेवण, न्हाण्याची सोय, आणि हे सारे फुकट. म्हणजे काय? धर्मशाळाच की! फरक एवढाच, की ज्याला तिची जरूर नाही त्यालाच आत सोडतात. हे मनात आले, आणि घास तोंडात असताना गाडगेबाबा आठवले.

आपल्या जिल्ह्यातल्या शेंडगावचा हा माणूस. १९०५ मध्ये घर सोडले ते २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ देह ठेवीपर्यंत फिरतच राहिला. सामान काय? डोक्यावर गाडगे, हातात खराटा, अंगावर चिंध्यांची गोधडी. आमच्या दहा किलोंचे कौतुक करणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. पण त्यांचे रिकामे हात आणि आमचे रिकामे हात एका जातीचे नव्हेत. स्वतःजवळ गाठोडे नसलेल्या त्या माणसाने जागोजाग धर्मशाळा उभ्या करविल्या, त्या गाठोडी घेऊन येणाऱ्यांसाठी. आजही परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचारासाठी जाणारी किती माणसे दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत उतरतात! त्यांच्या सामानात पीठ असते, तिखटाची पुडी असते, तपासण्यांच्या कागदांची पिशवी असते. त्यातले काय कमी करा म्हणावे?

आता कबुलीकडे येतो. ती लांबविण्यासाठीच इतका इतिहास सांगितला, हे चाणाक्ष श्रोत्यांच्या ध्यानी आलेच असेल.

आपल्याकडे कोणी परदेशी निघाला की गल्लीतून डबे येऊ लागतात. कुणाची कुरडई, कुणाचे सरगुंडे, कुणाचा मसाला. मागच्या खेपेला आमच्या दोन पेट्यांपैकी एक पूर्ण परक्यांची होती. या खेपेला 'फक्त दहा किलो, हातातली बॅग' असे म्हटले की माणसे मुकाट्याने डबा परत नेत. केवढी सोय! खरे सांगावयाचे तर अपरिग्रह नंतर सुचला. ही सोय आधी.

आमच्या शेजारी एक काकू राहतात. वय पंचाहत्तरीच्या पुढे. मुलगी न्यू जर्सीत एडिसनला. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्या खारोड्यांचा डबा घेऊन आल्या. उन्हाळ्यात गच्चीवर स्वतः घातलेल्या, बाजरीच्या.

"माह्या पोरीले इतकं नेऊन द्या न, भाऊ. किलोभर बी नाई."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि मग त्यांना काट्याचे गणित समजावून दिले. दहा किलोंवर एक तोळाही चालत नाही, असे सांगितले. ते बॅगेपुरते खरे होते. १२८ किलोंविषयी आम्ही बोललो नाही.

"बरं, राहू द्या मंग," काकू म्हणाल्या. "तिच्या डोक्शावरून हात फिरवजा."

एडिसनला त्या मुलीने आम्हाला जेवावयाला बोलाविले. सुट्टी घेऊन सकाळपासून रांधले होते. दारात आमच्या बॅगा पाहून तिने विचारले, "बाकीचं सामान गाडीत आहे का?" एवढेच, असे आम्ही म्हणालो. ती क्षणभर थांबली आणि हसून म्हणाली, "हो, आईनं फोनवर सांगितलं होतं. म्हणाली, त्यांचं तिकीट स्वस्तातलं दिसतं, सामान नेऊच देत नाहीत. चांगलं खाऊ घालजो."

आम्ही जेवलो. कसे जेवलो ते विचारू नका. तिच्या लहान मुलाला काही द्यावे म्हणून बॅगेतून विमानात मिळालेली छोटी थैली काढली. तीत मोजे, ब्रश, मलमाची डबी. मुलीने ती हातात घेतली, उलटून पाहिली. तिच्या ओळखीची वस्तू असावी, कारण तिने एकदा आमच्याकडे पाहिले आणि थैली मुलाच्या हाती दिली. ती काहीच बोलली नाही. निघताना मात्र एक पुडके पुढे केले: आईसाठी लोकरीचे गुडघेपट्टे आणि एक स्वेटर. "जागा असेल तर," ती म्हणाली.

आम्ही शाल आणि एकेक जोड कपडे तिथेच ठेवले आणि पुडके बॅगेत घातले.

अकोल्याला काकूंनी ते उघडले, स्वेटर नाकाशी नेला, मग विचारले, "वाळली काय व पोरगी?" नाही, चांगली आहे, असे आम्ही सांगितले. त्यांनी चहा ठेवला आणि चहाबरोबर त्याच डब्यातल्या खारोड्या तळून आमच्यापुढे ठेवल्या.

उरलेला डबा आम्ही मागून घेतला आहे. तो या टेबलाखाली आहे. वजन साडेआठशे ग्रॅम, तेल नाही, पाणी नाही, काचही नाही. या मंडपात पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत न्यू जर्सीला जाणारे कोणी असतील, तर त्यांनी अध्यक्षांचे आभार मानून झाल्यावर कृपा करून आम्हाला भेटावे.