देऊळ बांधणाऱ्यांची मशीद

(एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखादी जुनी इमारत कोणी बांधली, असे विचारले की आपल्या इतिहासग्रंथांतून एक ठरावीक उत्तर मिळते. अमुक राजाने, अमुक सरदाराने किंवा अमुक राणीने बांधली. वीट ज्याने पाडली, चुना ज्याने मळला, कमान ज्याने वळवली, त्याचे नाव या उत्तरात नसते. आज मी आपणांस ज्या मशिदीविषयी सांगणार आहे, तिच्या बाबतीत मात्र गावाने हे उत्तर उलटे दिले आहे. ते समजून घेणे आपल्या आजच्या वादांच्या दृष्टीनेही अगत्याचे आहे, असे मला वाटते.

बांगलादेशच्या उत्तर भागात दिनाजपूर जिल्हा आहे. तेथे ढेपा नदीच्या काठी नयाबाद नावाचे खेडे आहे आणि त्या खेड्यात तीन घुमटांची एक लहान मशीद उभी आहे. बाहेरून ती सुमारे १२.५ मीटर लांब आणि ५.५ मीटर रुंद आहे. भिंतींची जाडी एक मीटरहून अधिक. ही जाडी वजा केली म्हणजे आत नमाजाच्या दोन-तीन रांगा मावतील एवढीच जागा उरते. चार कोपऱ्यांवर अष्टकोनी बुरूज आहेत. पूर्वेकडे तीन दरवाजे असून त्यांच्या कमानींना पाकळ्यांसारखी महिरप आहे. समोर, मक्केची दिशा दाखविणाऱ्या पश्चिम भिंतीत, तीन मिहराब म्हणजे कमानदार कोनाडे आहेत. मधला कोनाडा मोठा आणि मधला घुमटही मोठा. उत्तर मोगल काळात बंगालमध्ये रूढ झालेली ही रचना आहे. इतिहासात ज्याला ‘भव्य’ म्हणतात, तसे तिच्यात काही नाही.

परंतु भिंतींकडे पाहावे. त्यांच्यात भाजलेल्या मातीचे शंभरावर आयताकृती फलक बसविलेले आहेत. फुलापानांची नक्षी त्यांवर होती. आज बहुतेक झिजले आहेत. बंगाल हा नद्यांच्या गाळाचा प्रदेश. आपल्याकडे पाय ठेवावा तेथे काळा दगड लागतो. तेथे दगड दुर्मीळ आणि माती अपार. तेव्हा तेथील कारागिराने मातीलाच दगडाचे काम करावयास लावले. ओल्या मातीवर कोरायचे, भट्टीत भाजायचे आणि भिंतीत बसवायचे. हे काम कुंभार, गवंडी आणि शिल्पी या तिघांचे मिळून आहे.

या कलेचा परमोत्कर्ष पाहावयाचा तर नयाबादपासून फार दूर जावे लागत नाही. जवळच कांतनगर आहे आणि तेथे कांतजीचे, म्हणजे श्रीकृष्णाचे, प्रसिद्ध मंदिर आहे. दिनाजपूरचे जमीनदार महाराजा प्राणनाथ यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी ते बांधावयास घेतले आणि त्यांचे दत्तक पुत्र रामनाथ यांच्या हातून १७५२ मध्ये ते पुरे झाले. तीन मजल्यांच्या या मंदिराच्या भिंतींचा कोपरा न् कोपरा मातीच्या फलकांनी झाकलेला आहे. रामायण आहे, महाभारत आहे, कृष्णलीला आहे. आणि त्यांच्याच शेजारी शिकारीला निघालेले मोगली वेषातील उमराव, पालख्या आणि नावाही आहेत.

आता नयाबादची परंपरा ऐका. हे मंदिर बांधण्यासाठी पश्चिमेकडून मुसलमान कारागीर आले. ते नयाबादला वस्ती करून राहिले आणि स्वतःच्या प्रार्थनेसाठी त्यांनी ही मशीद उभारली, असे तेथील लोक सांगतात. म्हणजे ही देऊळ बांधणाऱ्यांची मशीद आहे.

परंपरा ही पुराव्यासारखी स्वीकारू नये, हे मला मान्य आहे. तेव्हा तपासून पाहू. मशिदीच्या मधल्या दरवाजावरील लेखात बंगाली सन १२००, ज्येष्ठ महिन्याची दुसरी तारीख दिलेली आहे. म्हणजे इसवी सन १७९३चा मे महिना. मंदिर पुरे झाल्यानंतरची ही ४१ वर्षे होतात. १७५२ मध्ये तिशीत असलेला गवंडी १७९३ मध्ये सत्तरी ओलांडलेला असणार. तेव्हा परंपरेत तथ्य असेल तर मशिदीचे प्रत्यक्ष काम त्या कारागिरांच्या मुलांनी, कदाचित नातवांनी केले असावे. त्यामुळे परंपरा खोटी ठरत नाही, उलट अधिक विश्वसनीय होते. मजुरीसाठी आलेला माणूस आल्याबरोबर मशीद बांधत नाही. तो आधी झोपडी बांधतो. पोरेबाळे होतात, चार पैसे गाठीला लागतात, आणि मग एखाद्या पिढीनंतर गाव म्हणून काहीतरी उभे करण्याची ऐपत येते.

त्या लेखातील राजाचे नावही पाहण्यासारखे आहे. बादशहा शाहआलम दुसरा याच्या कारकिर्दीत मशीद झाली, असे त्यात नमूद आहे. या बादशहाचे डोळे १७८८ मध्ये गुलाम कादिराने काढले होते आणि १७९३ मध्ये तो दिल्लीच्या किल्ल्यात महादजी शिंद्यांच्या आश्रयाखाली जगत होता. बंगालचा महसूल तर १७६५ पासून इंग्रजांची कंपनी वसूल करीत होती. लेखात ज्याचे राज्य, त्याची सत्ता त्या खेड्यात नव्हती. आणि ज्यांची सत्ता होती, त्यांचे नाव लेखात नाही.

ती सत्ता काय करीत होती? मशिदीच्या तारखेच्या अवघे दोन महिने आधी, २२ मार्च १७९३ रोजी, कॉर्नवॉलिसने कायमधाऱ्याची पद्धत जाहीर केली. जमीनदार जमिनीचा मालक ठरला आणि कसणारा त्याच्या मर्जीवर राहिला. ठरल्या दिवशी सूर्यास्तापर्यंत सारा न भरल्यास जमीनदारीचा लिलाव, असा कायदा झाला आणि ज्या दिनाजपूरच्या घराण्याने मंदिर उभारले, त्याच्याच जमिनी पुढील काही वर्षांत लिलावात गेल्या. जमीनदार बदलले. कुळाची स्थिती बदलली नाही.

त्या कायद्याची फळे दीडशे वर्षांनी त्याच जिल्ह्यात दिसली. १९४६-४७ मध्ये बटाईदारांनी पिकाचा दोनतृतीयांश वाटा मागितला. तेभागा या नावाने इतिहासात गेलेल्या त्या लढ्याचे दिनाजपूर हे एक प्रमुख केंद्र होते. २० फेब्रुवारी १९४७ रोजी खानपूरला पोलिसांनी गोळीबार केला. तेथे पडलेल्यांत हिंदू, मुसलमान आणि आदिवासी शेतकरी होते. सहा महिन्यांनी रॅडक्लिफची रेघ याच जिल्ह्याच्या मधून गेली आणि एका बांधावर मेलेल्यांची गावे दोन देशांत वाटली गेली.

मी हे सारे सांगतो ते ‘पूर्वी सर्व एकोप्याने नांदत होते’ असे गोड चित्र रंगविण्यासाठी नव्हे. बंगालमधील कित्येक जुन्या मशिदींत त्याहून जुन्या देवळांचे दगड वापरलेले आहेत. ते लपविण्याचे काहीच कारण नाही. कांतजीच्या मंदिराच्या आवारातही डिसेंबर २०१५ मध्ये, रासाच्या जत्रेत, बॉम्ब फुटले आणि माणसे जखमी झाली. आपल्याकडे १९९२ मध्ये काय झाले, त्याचे पडसाद सीमेपलीकडच्या देवळांवर कसे उमटले, हे आपण जाणतोच. दोन्हीकडे एकच विचार काम करतो: इमारत ही धर्माची मालमत्ता, आणि धर्म म्हणजे शत्रू किंवा मित्र.

नयाबादची परंपरा या विचाराला निराळे उत्तर देते. ती अक्षरशः खरी असो वा नसो, एक गोष्ट निर्विवाद आहे. आपल्या मशिदीचे मूळ सांगताना तेथील मुसलमानांनी सुलतानाचे, विजयाचे वा चमत्काराचे नाव घेतले नाही. ‘आमचे पूर्वज शेजारचे देऊळ बांधायला आले होते,’ असे त्यांनी सांगितले. यात त्यांना कमीपणा वाटला नाही. उलट हीच त्यांच्या मशिदीची प्रतिष्ठा ठरली. कसबी माणसाचा हा अभिमान आहे.

१८९७च्या १२ जूनला जो मोठा भूकंप झाला, त्यात कांतजीच्या मंदिराची नऊही शिखरे कोसळली. ती पुन्हा बांधली गेली नाहीत. आजही ते मंदिर शिखरांवाचून उभे आहे. शिखरे गेली तरी खालच्या भिंतींवरचे फलक राहिले, आणि त्या फलकांमुळेच जग आज ते मंदिर पाहावयास जाते.

आपापल्या गावी परत गेल्यावर आपण एक काम करावे, एवढीच माझी विनंती आहे. गावात जुनी मशीद असेल, देऊळ असेल, दर्गा असेल. ते कोणत्या राजाच्या काळचे, हे शोधणारे पुष्कळ आहेत. आपण गवंड्याच्या, वडाराच्या, सुताराच्या घरी जावे आणि म्हाताऱ्या माणसांना विचारावे की त्या कामावर कोण कोण होते, कोठून आले होते आणि मजुरी काय मिळत होती. जे सांगतील ते लिहून घ्यावे. ही माणसे गेली की ते सांगणारे कोणी उरणार नाही.